असईच्या लढाईचे जुने इंग्रजी कागद: शब्द ओळखीचे, अर्थ मात्र बसत नाहीत

प्रश्न: जुईकाठ (भोकरदन)

नमस्कार मंडळी. असईच्या लढाईवर (23 सप्टेंबर 1803) शाळेसाठी मराठी माहितीफलक करायचे आहेत. हाताशी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पत्रांची छापील आणि काही हस्तलिखित पानं आहेत, मृत-जखमींचे तक्ते आहेत, जालना छावणीतल्या इंग्रज कबरींवरच्या मजकुराची नक्कल आहे आणि 1884 चं औरंगाबाद गॅझेटियर आहे. मोबाईलवर भाषांतर केलं की वाक्यं विचित्र होतात. अडलेले शब्द असे:

लष्करी कागदांत फूट, हॉर्स, ड्रॅगून, पायोनिअर, लास्कर, मॅट्रॉस, ब्रिंजारी, पगोडा, रिटर्न, इन्व्हेस्ट. तारखांच्या पुढे इन्स्टंट आणि अल्टिमो. कबरींवर रेलिक्ट, कंडक्टर, एग्यू, इटाटिस. गॅझेटियरमध्ये टँक, लेस आणि कंट्री पेपर.

कोणता कोश आधी उघडावा? ओळखीचा शब्द जुन्या अर्थाने आलाय हे ओळखायचं कसं? आणि फलकावर मराठी शब्द घालावा की मूळ शब्द तसाच ठेवावा?

उत्तर 1: दुधनाथडी

कोश उघडण्याआधी प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहून घ्या: कागदाचं वर्ष, लिहिणारा कुठल्या फौजेतला किंवा खात्यातला, आणि शब्द ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य. सुटा शब्द कोशात शोधला की दहा अर्थ मिळतात आणि त्यातला आजचा अर्थ आपण उचलतो. तिथेच चूक होते.

वर्ष का हवं, तर 1803 चा आणि 1884 चा कागद एकाच कोशाने वाचता येत नाही. 1803 साठी जॉन्सनचा 1755 चा कोश जवळचा पडतो. 1884 साठी ऑक्सफर्डचा मोठा कोश धरा. त्याचा पहिला भाग 1884 लाच निघाला आणि काम 1928 ला पुरं झालं. त्यात प्रत्येक अर्थाखाली वर्षासकट वापराची उदाहरणं दिलेली असतात, म्हणून आपल्या कागदाच्या वर्षाजवळचं उदाहरण शोधायचं. दोन खुणा लक्षात ठेवा. त्या कोशात अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावलेले असतात, म्हणजे पहिला अर्थ हा सर्वांत जुना, सर्वांत रूढ नव्हे. आणि ज्या अर्थाआधी कट्यारीची खूण आहे तो वापरातून गेलेला. विद्यार्थ्यांसाठीचे छोटे कोश उलटे चालतात, सर्वांत रूढ अर्थ आधी.

फौज का हवी, तर वेलस्लीच्या सैन्यात कंपनीची मद्रासची पथकं होती. त्यामुळे त्या कागदांत मद्रासकडचे शब्द येतात. पगोडा हा त्यातलाच. ते देऊळ नव्हे, सोन्याचं नाणं. आपल्याकडे त्याला होन म्हणत. मद्रासच्या हिशेबात 80 कॅशचा एक फनम, 42 फनमचा एक स्टार पगोडा, आणि एक स्टार पगोडा साधारण साडेतीन रुपयांचा. मोबाईल त्याचं 'मंदिर' करून टाकतो. हिंदुस्थानी वळणाच्या अशा शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन (1886) उघडा. 1903 ची आवृत्ती घेतली तर बरं, तिच्या शेवटी शब्दांची सूची आहे. सूची नसेल तर एकाच शब्दाची चार स्पेलिंगं करून शोधत बसावं लागतं. महसुली शब्दांसाठी विल्सनची 1855 ची शब्दसूची आहे, त्यात देशी शब्द त्या त्या लिपीतही छापलेले आहेत.

मराठी प्रतिशब्दासाठी आजच्या इंग्रजी-मराठी कोशाआधी मोल्सवर्थ आणि कँडी यांचा 1847 चा इंग्रजी-मराठी कोश पाहा. त्या काळच्या इंग्रजी शब्दाला त्या काळचा मराठी शब्द तिथे मिळतो. मात्र तो मराठी शब्दही जुना असू शकतो, म्हणून लगेच मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) उलटा तपासून घ्या. दोन्हीकडून एकच अर्थ आला तर पुढे जा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अनोळखी शब्द आपण शोधतोच, त्याचा धोका कमी. मॅट्रॉस कळला नाही तर तुम्ही थांबलात. 'वाँट' कळतोय असं वाटतं, म्हणून थांबत नाही. 'वाँट ऑफ फोरेज' म्हणजे चाऱ्याची इच्छा नव्हे, चाऱ्याचा तुटवडा. 'सफर' (आज 'सोसणे') हे क्रियापद पुष्कळदा 'होऊ देणे' या अर्थी येतं. 'डिस्कव्हर' म्हणजे शोध लावणे नव्हे, उघड करणे किंवा नजरेस पडणे. 'इंटरकोर्स' म्हणजे दळणवळण, व्यवहार. 'कॉर्न' म्हणजे सरसकट धान्य, मका हा अर्थ अमेरिकेकडचा. 'इंटेलिजन्स' म्हणजे बातमी. 'लेट' म्हणजे अडथळा, आणि हा अर्थ आपल्या भारतीय पासपोर्टवरच्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' या विनंतीत आजही छापला जातो.

ओळखण्याची कसोटी सोपी आहे. आजचा अर्थ घालून वाक्य मराठीत मोठ्याने वाचा. वाक्य अडखळलं किंवा नुसतंच गुळमुळीत झालं तर त्यातला सर्वांत ओळखीचा शब्द आधी तपासा. मग सापडलेला जुना अर्थ त्याच कागदात तो शब्द आणखी जिथे आलाय तिथे घालून पाहा. एका ठिकाणी बसणारा अर्थ योगायोगाने बसू शकतो. तीन-चार ठिकाणी बसला तर धरायला हरकत नाही.

उत्तर 2: केळणा_पूर्व

लष्करी शब्दांचं सांगतो.

फूट म्हणजे पायदळ. '74 वी रेजिमेंट ऑफ फूट' म्हणजे 74 वी पायदळ पलटण. असईत इंग्लंडच्या राजाच्या पायदळ पलटणी दोन, 74 वी आणि 78 वी, बाकी पायदळ कंपनीचं. हॉर्स म्हणजे घोडेस्वार. आकड्यापुढे 'हॉर्स' आलं तर तो स्वारांचा आकडा आहे. 19 वी लाइट ड्रॅगून म्हणजे हलकं घोडदळ. ड्रॅगून हा स्वाराचा प्रकार, त्याचं 'ड्रॅगन' करू नका.

'गन' म्हणजे या कागदांत जवळपास नेहमी तोफ. बंदुकीला मस्केट किंवा फायरलॉक असतं. नुसतं 'पीस' आलं तरी तोफच समजा. हे चुकलं तर सगळा फलक चुकतो, कारण असईची लढाई मुळात शिंद्यांच्या कवायती पायदळाची आणि तोफखान्याची आहे. 'ट्रेन' म्हणजे तोफखान्याचा ताफा, आगगाडीला अजून अवकाश होता. 'एक्स्प्रेस' म्हणजे तातडीने धाडलेला जासूद किंवा खलिता. किल्ल्याला 'इन्व्हेस्ट' करणे म्हणजे वेढा घालणे, 'रिड्यूस' करणे म्हणजे तो जिंकून घेणे, आणि 'कॅरी' करणे म्हणजे हल्ला करून घेणे. 'अफेअर' ही चकमक, 'अॅक्शन' ही लढाई.

लास्कर: आज हा शब्द खलाशासाठी माहीत आहे, पण इथे गन-लास्कर आहेत, म्हणजे तोफखान्यात ओढाताणीची, तंबूची आणि सामानाची कामं करणारी माणसं. मॅट्रॉस हा तोफेवरचाच, गोलंदाजाच्या खालच्या दर्जाचा शिपाई.

पायोनिअर म्हणजे फौजेपुढे वाट करणारे: झाडी तोडणे, नाल्याचा उतार खणणे, तोफा पार करता येतील असा रस्ता बांधणे. याला 'सफरमैना' म्हणण्याचा मोह होईल. तो शब्द 'सॅपर्स अँड मायनर्स' वरून आला आणि मद्रासच्या पायोनिअरांना ते नाव 1831 मध्ये मिळालं. 1803 च्या फलकावर तो शब्द काळाला सोडून होईल. 'वाट करणारं पथक' लिहा, मुलांना लगेच कळेल.

रिटर्न म्हणजे तक्ता. 'रिटर्न ऑफ द किल्ड, वूंडेड अँड मिसिंग' म्हणजे मृत, जखमी व बेपत्ता यांचा तक्ता. हा तक्ता उतरवताना तीन जागी चूक होते. एक, घोड्यांचा रकाना वेगळा असतो, तो माणसांच्या बेरजेत मिसळला जातो. दोन, 'रँक अँड फाइल' हा रकाना फक्त साध्या शिपायांचा आणि त्यांच्यावरच्या सर्वांत खालच्या नायक दर्जाचा, अधिकारी आणि हवालदार त्यात नसतात. तो एकटा आकडा 'एकूण' म्हणून लिहू नका. तीन, बेपत्ता म्हणजे मृत नव्हे. मराठी तक्त्यात रकाने मूळ क्रमानेच ठेवा आणि बेरीज स्वतः करून मूळ बेरजेशी जुळवा.

इन्स्टंट म्हणजे चालू महिन्याची तारीख, अल्टिमो म्हणजे मागच्या महिन्याची, प्रॉक्सिमो म्हणजे पुढच्या. पत्र 30 सप्टेंबरचं असेल तर '23 इन्स्टंट' म्हणजे 23 सप्टेंबर. 3 ऑक्टोबरच्या पत्रात तोच दिवस '23 अल्टिमो' होईल. घोळ होतो तो पत्रात पत्र जोडलेलं असताना. आतल्या पत्राचा 'इन्स्टंट' आतल्या पत्राच्या तारखेवरून मोजायचा, वरच्या पत्राच्या नव्हे.

उत्तर 3: मोडीवाला_सिल्लोड

हस्तलिखित पानांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

त्या काळच्या इंग्रजी हस्ताक्षरात 'स' चं एक लांब रूप असतं. ते 'फ' च्या अक्षरासारखं दिसतं. छपाईतून ते 1800 च्या आसपास गेलं, पण हातच्या लिखाणात बरीच वर्षं टिकलं, विशेषतः जोड 'स' मध्ये: पहिला लांब, दुसरा आखूड. असईच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये नेमका जोड 'स' आहे, म्हणून हस्तलिखितात ते नाव 'अफ्साये' असं वाचलं जातं. फरक ओळखायचा तो असा. छापील 'फ' ची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते. लांब 'स' ला रेघ नसते किंवा फक्त डाव्या बाजूला बारीक टोक असतं. आणि लांब 'स' शब्दाच्या शेवटी कधी येत नाही. संगणकाने वाचून दिलेल्या मजकुरात शोध घेताना 'स' च्या जागी 'फ' घालूनही शोधा, नाहीतर अर्धे उल्लेख निसटतील.

गावांची नावंही शब्दांसारखीच वाचायची. तेव्हाच्या रोमन लिपीला ठरलेलं वळण नव्हतं, पण काही सवयी पक्क्या आहेत. जोड 'ओ' म्हणजे ऊ, जोड 'ई' म्हणजे ई, आणि नुसतं 'यू' म्हणजे अ. त्यामुळे 'बुडनापूर' म्हणजे बदनापूर (21 सप्टेंबरला वेलस्ली आणि दुसऱ्या इंग्रज फौजेचा प्रमुख स्टीव्हन्सन इथे भेटले), 'औरंगाबाद' च्या मधे 'यू', आणि 'बोकरडन' म्हणजे तुमचं भोकरदन, ज्यातला भ चा ह-कार गळालेला आहे. 'पीपलगाव' आणि 'वारूर' ही समोरासमोरची दोन गावं म्हणजे पिंपळगाव आणि वरूड. त्या दोन गावांमध्ये नदीला उतार (पायी ओलांडण्याजोगी जागा) असलाच पाहिजे, असा अंदाज वेलस्लीने बांधला होता. 'कैटना' म्हणजे केळणा, 'जुआ' म्हणजे जुई.

भोकरदनबद्दल एक महत्त्वाचं. हरकाऱ्यांनी शत्रूचा तळ 'बोकरडन'ला असल्याची बातमी दिली. ते नाव गावाचंही होतं आणि आसपासच्या परगण्याचंही. तळाचं एक टोक भोकरदनकडे आणि दुसरं असईकडे पसरलेलं होतं, म्हणून वेलस्लीची गाठ अपेक्षेपेक्षा लवकर पडली. तुमच्या कागदात हे नाव येईल तिथे प्रत्येक वेळी गाव की परगणा हे ठरवूनच मराठीत लिहा.

संक्षेप: 'डू' म्हणजे डिट्टो, वरीलप्रमाणे. 'व्हिझ' मधलं शेवटचं अक्षर खरं अक्षर नाहीच, ती शब्द तोडल्याची जुनी खूण आहे. अर्थ 'म्हणजे'.

उत्तर 4: छावणी_जालना

कबरी. इथे घाई करू नये, माणसांची नावं आहेत.

रेलिक्ट म्हणजे विधवा. 'रेलिक्ट ऑफ' च्या पुढचं नाव नवऱ्याचं, तो आधी गेलेला. कॉन्सॉर्ट म्हणजे पत्नी. इश्यू म्हणजे संतती. कंडक्टर हा ऑर्डनन्स किंवा कॉमिसेरिएट, म्हणजे दारूगोळा किंवा रसद खात्यातला वॉरंट दर्जाचा अधिकारी, वाहनावरचा कंडक्टर नव्हे. एन्साइन हा पायदळातला आणि कॉर्नेट हा घोडदळातला सर्वांत खालचा कमिशन मिळालेला अधिकारी. दोन्ही पदं 1871 मध्ये बंद झाली, त्यामुळे कबरीवरचं वर्ष पुसट असेल तर एवढ्यावरून अंदाज बांधता येतो. 'एम. एन. आय.' म्हणजे मद्रास नेटिव्ह इन्फंट्री. फॅरिअर म्हणजे नालबंद.

इटाटिस पुढे आकडा असेल तर ते चालू वर्ष असतं. 'इटाटिस 30' म्हणजे तिसावं वर्ष चालू, पुरी 29. सगळेच गवंडी हे पाळत नसत, म्हणून जन्मसाल काढताना एक वर्षाची मुभा ठेवा आणि फलकावर 'सुमारे' लिहा.

आजार: एग्यू म्हणजे थंडी वाजून येणारा ताप, हिवताप. कन्झम्प्शन आणि थायसिस म्हणजे क्षय. ड्रॉप्सी म्हणजे अंगात पाणी साठून येणारी सूज. हे लक्षण आहे, त्यामागचा रोग हृदयाचा की मूत्रपिंडाचा हे त्या शब्दावरून ठरत नाही. फ्लक्स म्हणजे हगवण, ब्लडी फ्लक्स म्हणजे रक्ताची. अॅपोप्लेक्सी म्हणजे मेंदूचा झटका, 'हीट अॅपोप्लेक्सी' म्हणजे उष्माघात. लॉकजॉ म्हणजे धनुर्वात. चाइल्डबेड फीव्हर म्हणजे बाळंतज्वर. गिनी वर्म म्हणजे नारू, हा गॅझेटियरमध्येही भेटेल. लहान मुलांच्या मृत्यूचं कारण कधी नुसतं 'टीदिंग' लिहिलेलं असतं. दात येण्याच्या वयात मूल गेलं एवढंच त्यातून घ्या.

कॉलराचं जपून. 1817 च्या साथीआधीच्या कागदात 'कॉलरा मॉर्बस' हा जुलाब-उलटीच्या साध्या विकारालाही म्हणत. त्यानंतरच्या हिंदुस्थानातल्या नोंदींत तो बहुतेक पटकीसाठी येतो.

उत्तर 5: दुधनाथडी

गॅझेटियरचे शब्द राहिले. टँक म्हणजे तलाव. बांध घालून अडवलेलं पाणी, कधी बांधीव हौद. संदर्भात 'बंड' (बांध) आला तर तलाव, मशिदीच्या किंवा मकबऱ्याच्या आवारात असेल तर हौद. टोप म्हणजे आमराई किंवा झाडांची राई. ग्रेट मिलेट म्हणजे ज्वारी, मद्रासकडच्या कागदांत तिलाच चोलम म्हणतात. स्पाइक्ड मिलेट म्हणजे बाजरी. नुसतं 'ग्रॅम' म्हणजे हरभरा, 'हॉर्स ग्रॅम' म्हणजे हुलगा. सॅफ्लॉवर म्हणजे करडई, गिंजेली म्हणजे तीळ. 'ट्रॅप' हा दगड आहे, सापळा नव्हे. दख्खनच्या थराथराच्या काळ्या पाषाणाला ते नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून मिळालं.

लेस म्हणजे इथे 'गोल्ड लेस', जरीची किनार, कलाबतूचं काम. किनखाप, हिमरू, मश्रू यांच्या शेजारी हा शब्द आला की जाळीची लेस डोक्यातून काढून टाका. 'कंट्री' हे विशेषण म्हणजे देशी. कंट्री पेपर म्हणजे देशी हातकागद, आपल्या कागजीपुऱ्यात होणारा तसा.

मापं: फर्लांग म्हणजे 220 यार्ड, मैलाचा आठवा हिस्सा. चेन 66 फूट, दहा चौरस चेन म्हणजे एक एकर. रूड म्हणजे पाव एकर, आपले दहा गुंठे. पर्च किंवा पोल लांबीत साडेसोळा फूट, आणि जमिनीत 160 पर्चचा एकर, म्हणजे चार पर्चचा एक गुंठा. रूड आणि रॉड यांची गल्लत करू नका. रॉड म्हणजे तीच साडेसोळा फुटांची लांबी.

जुईकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पान पान काढून तपासतो आहे. ब्रिंजारी तेवढा राहिला. एक म्हणतात लमाण लिहा, दुसरे म्हणतात वंजारी लिहा. गावात दोन्ही समाज आहेत, चुकीचं लिहून चालणार नाही.

उत्तर 6: केळणा_पूर्व

दोन्ही लिहू नका. इंग्रजांच्या कागदात ब्रिंजारी हा शब्द कामावरून आलेला आहे: बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजेमागे तांड्याने चालणारे व्यापारी. बंजारा म्हणजे लमाण आणि वंजारी हे आपल्याकडे वेगळे समाज आहेत. लिहिणारा इंग्रज तो फरक त्या शब्दात करत नाही, म्हणून नुसत्या शब्दावरून आपण तो करू शकत नाही. फलकावर 'ब्रिंजारी (बैलांवरून धान्य वाहणारे तांडे)' असं ठेवा. त्याच पत्रात तांड्याच्या नायकाचं नाव किंवा बोलीतला एखादा शब्द आला असेल तरच पुढे शोध घ्या.

हाच नियम बाकीच्यांना लावा. नेमका मराठी शब्द मिळाला तर तोच: तोफ, पायदळ, वेढा, तक्ता. पद किंवा नाणं असेल आणि मराठी शब्द जवळचा असला तरी तंतोतंत नसेल तर मूळ शब्द देवनागरीत आणि पहिल्या उल्लेखाला कंसात अर्थ: मॅट्रॉस, कंडक्टर, स्टार पगोडा. आणि जिथे अर्थ दोन ठिकाणीसुद्धा जुळला नाही, तो शब्द फलकावर घेऊच नका, ते वाक्य वगळा.

उत्तर 7: मोडीवाला_सिल्लोड

वगळलेल्या वाक्यांची यादी मात्र ठेवा. मूळ शब्द, पान, ओळ आणि पाहिलेले कोश, एवढं प्रत्येकापुढे. वरूड-पिंपळगावच्या उताऱ्याचं पान हस्तलिखित असेल तर त्याचा स्वच्छ फोटो इथे टाका, उजेड डावीकडून येऊ द्या म्हणजे लांब 'स' ची टोकं दिसतात. नावं वाचून देतो.